पॉवर स्टिअरिंग प्रेशर टेस्ट किट: रॅक वाचला, पण त्या बुकलेटने डोकं खाल्लं

आधी मार्क सांगून टाकते, कारण खालपर्यंत कोण वाचतंय. ५ पैकी ४. गेज मस्त, व्हॉल्व्ह मस्त, होस आखूड, ॲडाप्टर अपुरे, आणि सोबतचं बुकलेट ज्याने लिहिलंय त्याने आयुष्यात कधी बॉनेट उघडलं नसावं. तरीही ४ देतेय कारण बाबांच्या गाडीचा स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा आडवा भाग), जो बदलायचाच असं जवळजवळ ठरलं होतं, तो अजून आहे तिथेच आहे आणि पार्किंग करताना बाबा परत एका हाताने स्टिअरिंग फिरवायला लागलेत.

गाडी २२ वर्षांची. मी हिच्यावरच शिकले, त्यामुळे विकायचा विषय घरात निघत नाही. चालत्या गाडीत काही जाणवायचं नाही पण उभ्या गाडीत किंवा एकदम हळू वळवताना स्टिअरिंग जड, आणि वळवलं की पुढून घूं... असा आवाज, जितकं जास्त वळवाल तितका चढत जाणारा. बाबा म्हणायचे "माझेच हात थकलेत गं". मग एक दिवस मी चालवली आणि कळलं हात नाही, गाडीच थकलीये.

किट घ्यायच्या आधी एक गोष्ट नीट बघा, नाहीतर पैसे वाया. हे किट फक्त हायड्रॉलिक स्टिअरिंगसाठी आहे, म्हणजे जिथे इंजिनच्या बेल्टवर पंप फिरतो आणि ऑइलच्या प्रेशरने रॅक ढकलला जातो. बॉनेट उघडून स्टिअरिंग ऑइलची डबी दिसतीये का बघा, झाकणावर बहुतेक स्टिअरिंगचं चित्र असतं. पॉवर स्टिअरिंग आहे पण डबीच नसेल तर तुमच्याकडे बहुतेक इलेक्ट्रिक स्टिअरिंग आहे, त्यात ऑइलच नाही, तिथे स्कॅनर लागतो, हे किट शोपीस.

आणि दुसरं, हे किट घेण्याआधीचं अर्धं काम डोळ्यांनी, कानांनी आणि एका पांढऱ्या कागदाने होतं. मी ते सगळं आधी केलं म्हणून नंतर किटच्या आकड्यांचा अर्थ लागला. नाहीतर गेजवर नंबर दिसतो आणि आपण नुसतं त्याच्याकडे बघत बसतो.

पहिल्यांदा टायरमधली हवा. हसू नका. पुढच्या टायरमधे हवा कमी असेल तर उभ्या गाडीत स्टिअरिंग जड लागणारच. आमच्याकडे हवा बरोबर होती. मग बेल्ट, इंजिन बंद करून, चावी खिशात ठेवून. आतली बाजू काचेसारखी चमकत असेल किंवा भेगा असतील तर तो लोडवर घसरतो, आणि घसरणाऱ्या बेल्टचा आवाज वेगळा असतो, पूर्ण वळवल्यावर कीईईक असा चिरका. आमचा आवाज चिरका नव्हता, कण्हल्यासारखा होता. बेल्ट बरा होता, तो ताणून धरणारा टेन्शनरही ठीक.

मग ऑइल. झाकण काढून काडीवरचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला आणि पसरू दिला. पसरलेला डाग कडेला फिकट लालसर आणि मधे काळा गाळ. आता ही काळी पूड म्हणजे बहुतेक वेळा जुन्या रबरी होसची आतली साल सुटतीये, आणि चांदीसारखी चमक दिसली असती तर पंपातलं धातू झिजतंय असं समजायचं. आमच्यात चमक नव्हती, काळं मात्र भरपूर. हा डाग लक्षात ठेवा, याचा धागा पुढे परत येणारे.

यानंतर मी बाबांना स्टिअरिंगवर बसवलं, इंजिन चालू, झाकण उघडं, आणि डबीत टॉर्च मारून बघत बसले. बाबांनी डावीकडे वळवलं की ऑइलवर फेस यायचा. म्हणजे कुठूनतरी हवा आत जातीये. इथे गंमत अशी की हवा ओढणारी जागा बऱ्याचदा बाहेर ऑइल गळवत नाही, कारण डबीपासून पंपापर्यंतचा पाइप खेचणारा असतो, तो बाहेर सोडण्याऐवजी आत ओढतो, त्यामुळे खाली एक थेंब नाही आणि तरी घूं घूं चालू. आम्हाला पंपाच्या तोंडाशी असलेली ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल सील, सापडली, बाहेर काढताना हातात दोन तुकडे झाले, एवढी कडक झाली होती. नवी ओ-रिंग, नवी क्लिप, पुढची चाकं जॅकवर उचलून इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवलं, मधे मधे डबीत ऑइल टाकत, हवा बुडबुड्यांनी निघून गेली. मग इंजिन चालू. आवाज जवळजवळ गेला. जडपणा तसाच.

तेव्हा गाडी गॅरेजला दिली. मेकॅनिकने दोनदा स्टिअरिंग फिरवलं, खाली वाकून रॅकच्या बुटाला, म्हणजे टोकावरच्या रबरी आवरणाला, हात लावला आणि म्हणाला, "मॅडम, रॅक गेला." मी विचारलं कशावरून, तर म्हणाला जुनी गाडी आहे. बूट पिळून बघितला तर कोरडा होता, आत ऑइल साचलं असतं तर रॅकच्या टोकाचं सील गेलं हे कळलं असतं, पण कोरडा. आता रॅक आतल्या आतही लीक होऊ शकतो, पिस्टनच्या सीलवरून ऑइल एका बाजूने दुसऱ्या बाजूला निसटतं आणि बाहेर काही दिसत नाही, त्यामुळे तो चूकच होता असं मी म्हणत नाही. पण "जुनी गाडी आहे" हे काही निदान नाही हो. जुने तर बाबाही आहेत.

म्हणून हे किट मागवलं.

किट काय करतं ते थोडक्यात. पंप प्रेशर तयार करतो, रॅक ते वापरतो. जडपणा आला तर दोघांपैकी एकजण कामचुकार, आणि बाहेरून दोघांचे चेहरे सारखेच. किट या दोघांच्या मधल्या हाय प्रेशर लाइनमधे बसतं, त्यात एक गेज आणि गेजच्या पुढे एक बंद करायचा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह बंद केला की रॅक वेगळा पडतो, पंप एकटा, आता दाखव तुझी ताकद. व्हॉल्व्ह उघडला आणि स्टिअरिंग पूर्ण टोकाला नेलं की रॅक ते प्रेशर धरून ठेवतो का ते दिसतं. बस एवढंच. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ मधे हायड्रॉलिक स्टिअरिंग करून दाखवलं आणि १९५१ मधे क्रायस्लर इंपिरियलमधे ते पहिल्यांदा विकायला आलं, तेव्हापासून पंप आणि व्हॉल्व्ह हीच जोडी आहे, त्यामुळे ही टेस्ट पन्नास वर्षं जुन्या गाडीलाही चालते आणि आमच्या बावीसवालीलाही.

बॉक्समधे काय काय आलं: गेज, ० ते १४० बारचा, आत ग्लिसरीन भरलेलं. हे ग्लिसरीन फालतू वाटेल पण त्याच्यामुळे काटा थरथरत नाही, पंपाची कंपनं खूप असतात, कोरड्या गेजचा काटा नुसता नाचतो. डायलवर बार आणि पीएसआय दोन्ही, १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, कुठलंही मॅन्युअल असलं तरी अडत नाही. व्हॉल्व्हची मूठ मोठी, हातमोजे घालूनही फिरते आणि मऊ फिरते, हे फार महत्त्वाचं का ते पुढे सांगते. दोन होस. सहा ॲडाप्टर, एम १६ आणि एम १८ वगैरे आट्यांचे. प्लॅस्टिकची केस, तिची एक कडी पहिल्याच दिवशी तुटली.

पहिली अडचण, आमच्या पंपाला बॅन्जो बोल्ट आहे, म्हणजे पोकळ बोल्ट ज्याच्या दोन्ही बाजूला तांब्याचे वॉशर लागतात, आणि सहापैकी एकही ॲडाप्टर त्याला बसेना. किटच्या पानावर "बहुतेक सर्व गाड्या" असं लिहिलं होतं, त्या बहुतेकमधे आम्ही नव्हतो. बॅन्जोचा ॲडाप्टर वेगळा मागवावा लागला, चार दिवस गेले. तर मागवायच्या आधी पंपाच्या आउटलेटचा फोटो काढा, आटे मोजा. आणि तांब्याचे वॉशर जुने परत वापरू नका, ते एकदा दाबले की दाबले, दुसऱ्यांदा झिरपतात.

आता माझी चूक, लाज वाटते पण सांगते. होस लावले, सगळं घट्ट केलं, इंजिन चालू, ऑइल गरम होऊ दिलं, हवा काढली, आणि मग व्हॉल्व्ह हळूहळू बंद केला. काटा वर जायच्या ऐवजी खाली खाली, शून्य. आणि पंप असा कण्हला की पोटात गोळा आला. पटकन व्हॉल्व्ह उघडला, इंजिन बंद.

बाबा खिडकीतून, "गेला का पंप?"

"थांबा हो बाबा जरा."

"अगं मी सांगत होतो रॅक बदलून टाकू."

दहा मिनिटं मी त्या किटकडे बघत बसले आणि मग लक्षात आलं की उलटं जोडलंय. पंपाच्या बाजूला गेज हवा आणि रॅकच्या बाजूला व्हॉल्व्ह. मी व्हॉल्व्ह पंपाकडे केला होता, म्हणजे व्हॉल्व्ह बंद केला की गेजकडे काही जातच नव्हतं, पंप बिचारा बंद दारावर डोकं आपटत होता आणि मी शून्य वाचत होते. व्हॉल्व्हच्या अंगावर बाण कोरलाय पण तो मुठीच्या खाली झाकला जातो, आणि बुकलेटमधे चित्र आहे त्यात बाणच नाहीये. चित्रात एक माणूस हसत उभा आहे. तो का हसतोय ते मला तेव्हा कळलं. एक मार्क इथेच कापला.

बुकलेटचं अजून एक आणि हे जास्त गंभीर. त्यात लिहिलंय "व्हॉल्व्ह बंद करून रीडिंग घ्या". किती वेळ बंद ठेवायचा याबद्दल एक अक्षर नाही. बाबांच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधे स्पष्ट लिहिलंय की ५ सेकंदांपेक्षा जास्त नाही, कारण बंद व्हॉल्व्हवर पंप तेच तेच ऑइल आतल्या आत फिरवतो आणि ते झपाट्याने तापतं, पंप खराब होतो. स्टिअरिंग टोकाला नेऊन धरून ठेवतानाही हाच नियम. म्हणून ती मऊ मूठ महत्त्वाची, कारण चार सेकंदात बंद, वाचा, उघडा, हे अडकणाऱ्या व्हॉल्व्हवर जमत नाही. मॅन्युअल नसेल तर हे किट लावूच नका असं माझं म्हणणं, कारण तुमच्या गाडीचं प्रेशर किती असायला हवं हेच माहीत नसेल तर आकडा घेऊन करणार काय.

सरळ जोडलं आणि परत सुरू केलं. व्हॉल्व्ह उघडा, स्टिअरिंग मधे, इंजिन आयडलवर: ६ बार. हे ठीक, मॅन्युअलमधे १५ च्या आत पाहिजे. जास्त असतं तर परतीचा पाइप किंवा रॅकचा व्हॉल्व्ह तुंबलाय असं समजायचं. मग व्हॉल्व्ह बंद, एक दोन तीन चार, उघडा. ४१. थोडं थांबून परत. ४२. परत. ४१. मॅन्युअलप्रमाणे हवं ७० ते ७८.

मग बाबांची पाळी. "बाबा, पूर्ण डावीकडे न्या आणि धरा... सोडा सोडा." ४०. "आता उजवीकडे... सोडा." ४१.

आता हे आकडे शेजारी शेजारी ठेवा. पंप एकटा असताना ४१, आणि रॅक जोडून टोकाला नेल्यावर ४० आणि ४१. म्हणजे पंप जेवढं देतोय तेवढं सगळं रॅक धरून ठेवतोय, दोन्ही बाजूंना. रॅक आतून लीक असता तर व्हॉल्व्ह बंद असताना ७० दिसले असते आणि स्टिअरिंग टोकाला नेल्यावर ४०. किंवा एका बाजूला बरं आणि दुसऱ्या बाजूला पडलेलं, तेव्हा गाडी एका बाजूला हलकी आणि दुसऱ्या बाजूला जड लागते. आमचं दोन्हीकडे सारखंच जड होतं. रॅक निर्दोष, निदान ४० बारपर्यंत तरी. चोर पंपात.

हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही, बाबांना मात्र काही फरक पडला नाही, ते म्हणाले "म्हणजे आता पंप बदलायचा?"

तर लगेच नाही. पंपात एक फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह असतो, बोटाएवढा गुळगुळीत धातूचा तुकडा, मागे स्प्रिंग. इंजिन जोरात फिरतं तेव्हा जादा ऑइल तो परत पंपाकडे वळवतो, आणि त्याच्याच पोटात प्रेशर रिलीफची एक बारीक गोळी असते, प्रेशर हद्दीबाहेर गेलं की ती उघडते. आमच्या पंपात हे सगळं एका प्लगच्या मागे आहे, पंप न उघडता निघतं. तो तुकडा ज्या भोकात बसतो तिथेच मी आधी तिरका करून बघितला, स्वतःच्या वजनाने घसरायला हवा. हा अर्ध्यात अडकला. बाहेर काढून टॉर्चखाली धरला तर कडेच्या खोबणीत काळी चिकट पूड, आणि गोळीच्या बसायच्या जागी एक कण, खसखशीपेक्षा लहान, रबराचा. नखाने दाबला तर दबला. म्हणजे गोळी पूर्ण बसतच नव्हती, रिलीफ कायम किंचित उघडा, ७० व्हायच्या आधीच प्रेशर तिथून पळून जायचं.

कागदावरचा तो डाग आठवला ना. परतीचा होस आतून सोलत होता, त्याची पूड डबीत, आणि डबीच्या तळाशी जी जाळी असते ती आमच्या डबीत एका बाजूने फाटलेली, त्यामुळे गाळणं बंद. होस बदलला, जाळी डबीतच फिक्स असल्यामुळे डबीच बदलली, व्हॉल्व्ह धुऊन कोरडा करून परत, सगळं जुनं ऑइल काढलं. ऑइल मॅन्युअलमधे लिहिलंय तेच, यात प्रयोग नको. काही गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं, होंडाला स्वतःचंच लागतं, बऱ्याच युरोपियन गाड्यांना हिरवं सिंथेटिक, आणि लाल दिसतंय म्हणून लाल ओतलं असं केलं की सील फुगतात किंवा आकसतात आणि मग खरंच रॅक जातो.

परत किट लावलं. व्हॉल्व्ह बंद: ७३. ७३. ७४. डावीकडे टोकाला ७२, उजवीकडे ७२. आता रॅक पूर्ण प्रेशरवर पास झाला, आधी फक्त ४० वर झाला होता. ही दुसरी टेस्ट करा हं, पंप दुरुस्त करून खूश होऊन किट केसमधे टाकू नका, कमी प्रेशरवर गपचूप बसलेलं सील जास्त प्रेशरवर तोंड उघडू शकतं.

इथे रिव्ह्यू संपायला हवा होता पण नाही. बाबा एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, हलकं झालंय, पण मधे मधे अडतंय. मला वाटलं झालं, आता हे काय नवीन. चालवून बघितलं तर खरंच, फिरवताना एका जागी जड, मग हलकं, मग परत जड. आधी सगळंच जड होतं त्यात हे लपून गेलं होतं.

गेजवर काही नाही. किट इथे मुकं. मग जुना उपाय, पुढची चाकं हवेत, इंजिन बंद, स्टिअरिंगच्या कडेला बॅगा मोजायचा हुकवाला काटा अडकवून हळू ओढायचं आणि वजन वाचत जायचं. एका पूर्ण फेऱ्यात बरोबर दोनदा काटा वर उडायचा, अर्ध्या फेऱ्याच्या अंतराने. एका फेऱ्यात दोनदा म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, हे अगदी सहीसारखं ओळखू येतं. स्टिअरिंगच्या दांड्यापासून रॅकपर्यंत जाणाऱ्या शाफ्टवर जो छोटा क्रॉस असतो तो गंजून घट्ट झाला होता. याऐवजी सगळीकडे एकसारखं जड असतं आणि वळून आल्यावर स्टिअरिंग आपोआप मधे येत नसतं तर मी चाकाचे बॉल जॉइंट आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या वरच्या माउंटचं बेअरिंग बघितलं असतं. शाफ्ट त्याच मेकॅनिककडून बदलून घेतला, त्याने हे काम मात्र झकास केलं, आणि रॅकचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

मधेच एक विचारतात तेही सांगते, ती लीक थांबवायची बाटली येते ना डबीत ओतायची, ती टाकून काम झालं नसतं का. नसतं. ती बाटली रबरी सील थोडे फुगवते, जुन्या कडक सीलमधून झिरपत असेल तर काही दिवस बरं वाटतं. फाटलेला होस, झिजलेला पंप, गंजलेला जॉइंट, यांना फुगवायला त्यात काही नाही. आमच्या केसमधे तर एकही थेंब बाहेर गळत नव्हता. शिवाय डबीत आधीच गाळ असताना त्यात अजून काही घट्टसर ओतणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत भात टाकण्यासारखं.

अजून एक, आणि हे जुन्या जीएम (जनरल मोटर्स) गाड्यावाल्यांसाठी. १९८० च्या दशकातल्या त्यांच्या बऱ्याच रॅकना सकाळी थंड असताना जड आणि गाडी तापली की हलकं असं व्हायचं, रॅकच्या ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्ह बॉडीत टेफ्लॉनच्या रिंगांनी खोबणी पडायच्या, त्याला अमेरिकेत मॉर्निंग सिकनेस असंच नाव पडलंय. अशा गाडीवर किट ऑइल तापवून लावलं तर सगळं ठीक दिसेल आणि तुम्ही फसाल, थंडच मोजा आधी. बुकलेटमधे यावरही अर्थात काही नाही.

किटबद्दल उरलेलं. होस आखूड, त्यामुळे गेज बॉनेटच्या आतच लोंबकळतो, पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब ठेवायला मी तो तारेने बांधला. अर्धा हात लांब असता तर विंडस्क्रीनवर ठेवून बाबांनाही वाचता आला असता, म्हणजे मला ओरडायला लागलं नसतं. होसच्या टोकाची क्रिंप, म्हणजे दाबून बसवलेली धातूची पकड, चांगली आहे, ७४ बारवर कुठेही ओलं झालं नाही, तरी मी हात न लावता पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघितला, कारण या प्रेशरला सुईएवढ्या भोकातून निघालेलं ऑइल कातडीत घुसतं, आणि तसं झालं तर छोटी जखम म्हणून घरी बसायचं नसतं, सरळ हॉस्पिटल. एक्झॉस्टवर सांडलेलं ऑइल आधी पुसा मग इंजिन चालू करा, पेटतं ते. हेही बुकलेटमधे हवं होतं. बुकलेटमधे वॉरंटीचं मात्र पूर्ण पान आहे.

कोणी घ्यावं? ज्याच्याकडे जुनी हायड्रॉलिक गाडी आहे, मॅन्युअल आहे आणि कोणीतरी रॅक किंवा पंप बदला म्हणून सांगितलंय, त्याने नक्की. नुसता आवाज येतोय, जडपणा नाही, तर नका घेऊ, आधी फेस बघा, ओ-रिंग आणि क्लिप बघा. ऑइल कमी होतंय तर किट काय करणार, खाली पुठ्ठा टाकून सकाळी बघा कुठे डाग पडतो ते. आणि घेतलंच तर दोघाचौघांत एक पुरतं, हे काही रोज लागणारं हत्यार नाही, माझं सध्या शेजारच्या काकांकडे गेलंय, त्यांच्या गाडीचाही रॅक "गेलाय". त्यांना देताना बाण कुठे आहे तो मुठीवर पांढऱ्या पेंटने काढून दिला.

आणि केस आडवीच ठेवा. वापरल्यावर होसमधे अर्धी वाटी ऑइल राहतं, मी उभी ठेवली होती, तुटलेल्या कडीतून सगळं कपाटात.